सूपभर कोंड्याचं पोर

मु. वाडी, ता. वाळवे, जि. सातारा
ज्येष्ठ, सन १९४४

जोतीरामास थोरल्या बहिणीचा, बयाबाईचा आशीर्वाद. घेत असलास तर घे.

अक्षर बघून दचकू नगंस. मीच लिवतीय. साक्षरतेच्या वर्गात मास्तरानं पाटी धरायला लावली हुती, त्ये आज कामाला आलं. मास्तरलाच लिवायला सांगितलं असतं, पर त्यो माझं निम्मं बोलणं गाळतो आन् त्याच्या पदरचं घालतो. आपली प्रकृती उत्तम असावी, असलं काय काय. तुझी प्रकृती उत्तमच असंल. पलटणीत सरकार खायला घालतंय.

तू माझ्याशी का बोलत न्हाईस त्ये मला ठाऊक हाय. तुझं तिसरं पोर पुरून आलो, त्या दिशी मी ओसरीवर म्हणाले, सटवाईला बोल लावू नका, पावसाळ्यातलं नदीचं गढूळ पाणी पोरांना तसंच पाजू नका. तवापास्नं तू तोंड फिरवलंस ते फिरवलंस. पत्रं येत्यात ती काकांच्या नावानं, आन् तळाला ‘घरी सर्वांस नमस्कार’ असतो त्यात मी कुठंतरी असते. असू दे. आज लिवायचं कारण येगळं हाय.

नानासो काकांनी तुला पत्र घातलंय. मास्तरला सांगत हुते तवा मी चुलीपाशी हुते, समदं ऐकलं. जोतीरामाचा कोंडू तीन वर्सांचा होऊन गेला, तोंडातनं शब्द न्हाई, पोर मुकं निघालं. तासगावाकडच्या लालासाहेबांची पोरगी बघून ठेवलीया. जोतीराम रजेवर आला की त्येचं दुसरं लगीन उरकू आन् मनूला माहेरी पोचवू. तुझा होकार तेवढा पायजे. तुझी मनू भाकरी थापत हुती. हात थांबला न्हाई तिचा, पर तव्यावरची भाकरी करपून काळी झाली आन् तिला वास सुदीक आला न्हाई.

होकार धाडू नगंस. पोर मुकं न्हाई.

गेल्या सोमवारी आपल्या सिद्धू गड्याची भाकरी घिऊन इहिरीवर गेले. लांबनंच मोटेचं गाणं ऐकू येत हुतं. म्हणलं, आज सिद्धूचा आवाज बारीक का? जवळ जाऊन बघते तर सिद्धू पाटाचं पाणी वळवायला वावरात गेलेला, आन् बैलांच्या धावंवर आपला कोंडू उभा. हातात काटकी. मोट वर आलेली, थारोळ्यात वतलेली. पोर गात हुतं. शब्द एक न्हाई, पर चाल अगदी सिद्धूची, कुठं लांबवायचं, कुठं तोडायचं समदं तसंच. मग काटकी वर करून वरडलं, “होऽऽ माग्गं!” आन् आपला हौश्या, ज्याला मी मागं सर म्हणलं तर शिंग दावतो, त्यो गुमान मागं सरला. जोडीदाराला घिऊन धावंवर पाय मागं टाकत गेला.

बैलाला कळतंय, म्हंजी पोर बोलतंय का न्हाई? तूच सांग.

सिद्धू आला तर म्हणतो, “बयाक्का, त्यो रोजचाच करतोय.” मी म्हणलं, “मग सांगाय काय झालं हुतं रं तुला?” तर म्हणतो, “मला कोण इचारतंय?”

सुगीपतूर थांब. मला उत्तर घालू नगंस हवं तर, पर काकांना होकार धाडू नगंस. गावची बाकी बातमी लिवत न्हाई. तुमचा सायब पत्रं फोडून वाचतो म्हणं, उगं काळं फासायचा.

बयाबाई


वाडी
श्रावण, १९४४

जोतीराम,

उत्तर न्हाई. मी धरूनच चालले हुते.

मी कोंडूला घिऊन सांगलीला जाऊन आले. काका म्हणाले, “बायामाणसानं एकटीनं कशाला जायाचं?” मी म्हणलं, “पोर माझं हाय. मी न्हेईन न्हाईतर बाजारात बसवीन.” मग गप बसले. बसायलाच लागतंय. पोर माझंच हाय न्हवं? तुझ्या समोरच झालंय समदं. बाराव्या दिशी तुमी त्येला माझ्या वट्यात टाकला आन् मी सूपभर कोंडा मनूच्या पदरात घातला. म्हणून तर त्यो कोंडीबा. देवऋषी म्हणाला, पोर आता बयाबाईनं इकत घेतलं. आईबानं पाच वर्सं त्येला आपलं म्हणायचं न्हाई, लाडानं बोलायचं न्हाई, हाक मारायची न्हाई. सटवाईला वाटलं पायजे हितं हिचं पोरच न्हाई. तुमी दोघांनी दगडावर हात ठेवून शपथ घेतली. तू तर पलटणीत गेलास. तुला सोपं गेलं. मनू हितं राहिली, त्येला पाजत, न्हाऊ घालत, आन् तोंड मिटून.

सांगलीचा डाक्तर तरणा हाय. त्यानं कोंडूच्या कानात बघितलं, जीभ वर करून बघितली. मग त्येच्या पाठीमागं जाऊन हळूच कागद चुरगाळला. पोर फिरलं. मग बारीक आवाजात म्हणला, “गूळ.” पोर लगीच फिरलं, आन् हात पसरला.

डाक्तर म्हणला, “कान ठीक आहेत. जीभ ठीक आहे. बाई, घरात याच्याशी बोलतं कोण?”

मी म्हणलं, “बोलायचं काय? जेव म्हणतो, झोप म्हणतो, सर बाजूला म्हणतो.”

“आणि दिवसभर?”

“दिवसभर त्यो मोटंवर असतो. तितं सिद्धू बैलांशी बोलतो.”

डाक्तर म्हणला, “म्हणजे तुमच्या घरात बैलाशी बोलतात, पोराशी बोलत नाहीत. मग ते बैलाचंच शिकणार. त्याचा काय दोष?”

मला राग आला. मी शपथेचं सांगितलं. त्यो हसला न्हाई, त्येवढं बरं केलं. म्हणला, “औषध नाही याला. बोला त्याच्याशी. आणि बोलल्यावर गप्प राहा, त्याला जागा द्या.” ह्ये शेवटचं मला नीट कळलं न्हाई. अजून बी कळत न्हाई.

घरी आले त्या दिवसापास्नं मी बोलायला लागले. म्हणलं, हाय काय त्यात? पोराला समोर बसवला. “म्हण, आत्ती. म्हण! आऽऽत्ती. म्हण की रं! ह्ये काय हाय? गाडगं. म्हण गाडगं. ह्ये? म्हण लवकर.” पोर माझ्या तोंडाकडं बघत बसलं. दुसऱ्या दिशी परत. तिसऱ्या दिशी मी ‘कोंडू’ म्हणलं की त्ये गोठ्यात पळालं आन् हौश्याच्या पोटाखाली जाऊन बसलं. मी वाकून वाकून आत बघतीय, आन् काका ओसरीवरनं म्हणत्यात, “बये, मुकं ते मुकं. बैलाखाली आन् तू बी घुसू नगंस.”

माझं डोसकंच फिरलं हुतं. मी हातातला खराटा टाकला आन् रानात गेले.

काकांना तुझं पत्र आलं असं ऐकलं. मला दाखवलं न्हाई. होकार न्हाई ना दिलास?

बयाबाई


वाडी
आश्विन, दसरा झाल्यावर, १९४४

जोतीराम,

बस आन् वाच. उभ्यानं वाचायचं न्हाई.

मला उमगलं की पोराशी बोलायचं काम माझं न्हाई. मला सबूरच न्हाई. पोर तोंड उघडायच्या आत मी भाकरी त्येच्या हातात देते, आन् त्येनं बोट दावायच्या आत तांब्या पुढं करते. बोलायचं काम मनूचं. पर मनूच्या गळ्यात तुमची शपथ.

मी तिला जात्यापाशी गाठली. म्हणलं, “पोराशी बोल.”

ती पाठमोरीच म्हणाली, “न्हाई वन्सं. तीन गेली. ह्यो मुका का असंना, जित्ता हाय.”

“मुका राहिला तर तुला हितनं काढणार हायती. ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं. काढू देत. त्यो जगू दे.”

आता हिला काय म्हणावं? मारावं का पोटाशी धरावं? तुझी बायको दिसती मऊ, पर आत दगड हाय. मी तितंच खाली बसले. सटवाईशी भांडणं मला जमलं असतं, पर मनूशी न्हाई. मग मी म्हणलं, “बरं. पोर कुणाचं?”

“तुमचं, वन्सं.”

“मी इकत घेतलं का न्हाई?”

“घेतलं.”

“मग मालकीण कोण?”

“तुमी.”

“आन् मला शेतातनं सवड न्हाई. पोर सांभाळायला मला बाई पायजे. आजपास्नं तू माझ्याकडं कामाला. दोन येळची भाकरी आन् दिवाळीला लुगडं. पोर सांभाळणारी बाई पोराशी बोलती का न्हाई? आई न्हवं तू, मोलकरीण हायस. शपथ आईनं घेतली, मोलकरणीनं न्हाई.”

तिनं जात्याचा खुंटा सोडला. मग म्हणाली, “वन्सं, सटवाईला कळंल की.”

“तिला कोंड्याचं कळलं न्हाई, ह्ये काय कळतंय?”

जोत्या, मनू हसली. पदर तोंडाला लावून. मग हसता हसता रडायला लागली, तिचं त्ये मी मोजत न्हाई. मग डोळं पुसून म्हणाली, “लुगडं हिरवं घ्या.”

पर खरी अडचण पुढंच. ती म्हणाली, “काय बोलू त्येच्याशी?” तीन वर्सं तोंड बांधलेलं, तिला बोलणं सुचंना. मी म्हणलं, “सिद्धू बैलाशी काय बोलतो? जे करतो ते बोलतो. चाललो रं, वळलो रं, भरली रं मोट. तू बी तसंच बोल.”

मग ती बोलायला लागली. चूल पेटवताना, “काटकी घातली. आता फुकते. धूर आला, डोळं झोंबलं.” नदीवर, “लुगडं भिजवलं. आपटलं. पिळते, धर तू एक टोक.” पोर पहिल्यांदा लांब उभं राहायचं, मग जरा जवळ, मग पदर धरून तिच्या मागं मागं. तिचा आवाज किती गोड हाय त्ये मला बी ठाऊक नव्हतं. तुला हाय का?

तरी पोर बोलंना. मी रोज इचारायची, “बोललं का? का न्हाई बोलत?” आन् पोराच्या तोंडावर जाऊन, “म्हण की रं!” एकदा मनू माझ्याकडं फिरली आन् म्हणाली, “आवं वन्सं, तुमी वाईच गप बसा. तुमीच समदं बोलता, त्यो कवा बोलणार?”

मालकिणीला मोलकरीण बोलली! पर मी गप बसले.

दसऱ्याच्या आदल्या दिशी सकाळी मनू दळत हुती. कोंडू जात्याच्या पलीकडं बसलेला. ती ओंजळ भरून म्हणायची, “जोंधळं घालते,” आन् घालायची. “फिरवते,” आन् फिरवायची. परत “घालते.” एकदा तिनं ओंजळ भरली, जात्यावर धरली, आन् घातलीच न्हाई. थांबली. काय बी बोलली न्हाई. नुसती त्येच्याकडं बघत.

मी उंबऱ्यात बसलेले. माझ्या जिभेच्या टोकाला आलं हुतं, घाल गं बाई, जोंधळं सांडत्यात. मी पदराचा बोळा तोंडात धरला. खरंच धरला. पोर ओंजळीकडं बघतंय, जात्याकडं बघतंय, तिच्याकडं बघतंय. बाहेर काका खोकलं. तरी ती थांबली.

आन् पोर म्हणालं, “घाल.”

मनूनं घातलं. तिनं वरडा केला न्हाई, का पोटाशी धरलं न्हाई. जातं फिरवलं, परत ओंजळ भरली, परत थांबली. ह्या बारीला पोर लगीच, “घाल!” आन् परत, आन् परत. सकाळभर आमच्या घरात ‘घाल’ चाललं हुतं. गरजंपेक्षा जास्त पीठ झालं. दसऱ्याला पुरणाऐवजी भाकरीच खाल्ल्या.

मी बाहेर गेले आन् काकांना म्हणलं, “ऐकलंसा?” ते म्हणाले, “एक शब्द बोलला म्हंजी काय पोवाडा म्हणला न्हाई.” पर तोंड त्यांनी दुसरीकडं फिरवलं हुतं, आन् पागुट्याच्या शेवानं नाक पुसत हुते.

तरी लालासाहेबांना निरोप गेलाय. माणूस शब्दाला बांधलेला असतो म्हणत्यात. पौषात ते घर बघायला येणार. तू लवकर लिव.

बयाबाई


वाडी
पौष, १९४५ लागलं

जोतीराम,

तुझं काकांना आलेलं पत्र मी बघितलं. चोरून न्हाई. त्यांच्या समोर दिवळीतनं काढलं आन् वाचलं. तू लिवलंयस, ‘वडील मंडळी ठरवतील ते मला मान्य आहे.’ असलं लिवायला तुला त्या परमुलखाच्या बर्फात बसून दौत-टाक मिळाला, आन् मनूचं नाव लिवायला मिळाला न्हाई?

आता काय झालं त्ये वाच.

लालासाहेब आले. उंच माणूस, मिशा पिळलेल्या, बोलणं संथ. छकड्याला जोडी झ्याक हुती, पांढरी सफेद खिलारं. काकांनी त्यांना ओसरीवर घोंगडं टाकून बसवलं. मनूनं पाणी दिलं. आपल्या जागी येणाऱ्या बाईच्या बापाला पाणी द्यायचं, कसं वाटलं असंल तिला, मला इचारू नगंस.

कोंडू खांबाला धरून उभा. तवापतूर पोर बरंच बोलायला लागलं हुतं. तुकडं तुकडं. “मनू भाकर.” “आत्ती गेली.” “सिद्धू नको, मीच.” तिला मनूच म्हणतंय, मी तसं हाक मारते म्हणून.

लालासाहेबांनी इचारलं, “ह्योच का पोर?” काका म्हणाले, “ह्योच. दोन-चार शब्द फुटल्यात, पर पोर काय शाणं न्हाई.” लालासाहेब म्हणाले, “ए बाळ, नाव काय तुझं?”

पोर गप.

“सांग की. नाव सांग.”

गप. काकांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “बये, तुझं पोर बोलतंय न्हवं? बोलीव की.”

मला काय वाटलं म्हणून सांगू. पोराला धरून गदागदा हलवावं, म्हण की रं मेल्या, कोंडीबा म्हण, तुझ्या आईचं घर जातंय! मनू दाराआड उभी. तिनं मला नुसती मान हलवली. न्हाई. थांबा.

मी थांबले. काका सुपारी कातरत हुते, त्येवढाच आवाज. पोर खांबाभोवती एक गिरकी मारून अंगणात गेलं. काकांनी उसासा टाकला. म्हणाले, “बघितलं न्हवं? हे असं हाय. आता तुमचं काय म्हणणं?”

लालासाहेब काय तरी बोलणार, येवढ्यात पोर अंगणातनं परत आलं. थेट त्यांच्या फुडं. त्यांच्या धोतराचा सोगा धरला आन् वढला. म्हणालं,

“तुजं बैल तान्हेलंय.”

त्येनं परत सोगा वढला.

“तोंड उघडं टाकलंय. पाणी दे. चल.”

जोत्या, आमच्या घरी पावणा आला, त्येला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, सुपारी दिली, आन् त्येचं बैल उन्हात तसंच जुपलेलं! एकाच्या ध्यानात न्हाई. तासगावापास्नं चालून आलेली जोडी! काका तर पागुटं सावरत उठलंच, “सिद्धू! आरं सिद्धू!” पर लालासाहेबांनी हात वर केला. म्हणाले, “थांबा नानासो. मला बोलीवलंय त्येनं.”

आन् ते पोराचं बोट धरून गेले. इहिरीकडं. आम्ही ओसरीवर बसलेले. लांबनं आवाज येत हुता, “ह्येचं नाव काय रं आजा?” “राजा.” “आन् ह्येचं?” “त्येचं परधान.” “राजा पितोय. परधान थांब. थांब रं!” मनू दाराला टेकून खाली बसली. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर दोघींचं बी बिनसलं असतं.

लालासाहेब परत आले तवा त्यांचं धोतार भिजलेलं, आन् पोर त्यांच्या खांद्यावर. म्हणाले, “नानासो, तुमी मला सांगावा धाडला की पोर मुकं हाय आन् सून येडी हाय. ह्यो तर मला हुकूम देतोय. ज्या घरात असलं पोर हाय आन् ते घडवणारी आई हाय, तितं मी माझी पोर कशाला देऊ? तिनं काय करायचं हितं?”

काका म्हणाले, “तसं न्हवं लालासाहेब…”

“तसंच हाय. पर जेवून जाईन. भाकरी कुणी केलीया?”

“मनूनं,” कोंडू वरनं म्हणाला. “मनू भाकरी थापती, मनू चूल फुकती, मनूचं डोळं झोंबत्यात.”

तिची समदी कामं त्येनं सांगून टाकली. जेवताना लालासाहेबांनी आणिक एक भाकरी मागून घेतली. काका दिवसभर मुके.

लिवता लिवता कोंडू आलंय. “आत्ती, काय करतीस?” म्हणलं, तुझ्या बाशी बोलतीय. “बा हितं न्हाई.” म्हणून कागदावर बोलतीय. त्येनं वाईच इचार केला. “मी बी बोलतो.” शिसपेन्सील घेतली. खाली ज्या चार रेघा आन् वर दोन वाकड्या हायती त्या त्येच्या. मी इचारलं काय लिवलंस, तर म्हणतो, “राजा. पाणी पितोय.” पलीकडं एक ठिपका हाय, त्यो परधान. त्यो थांबलाय म्हणं.

आता तरी लिव. काकांना न्हवं.

बयाबाई


वाडी
माघ, १९४६

जोतीराम,

पत्र आलं. पाकिटावर माझं नाव. पोष्टमननं दोनदा वाचलं, म्हणाला, “तुमचंच हाय बयाबाई.” मी म्हणलं, “मला वाचता येतंय, दे हिकडं.”

लढाई संपून येवढं दिस झालं, म्हणलं आता तर सरळ दारातच उभा राहशील. पर तू आधी लिवलंस, त्ये बरं केलंस. गढूळ पाण्याचं तू लिवलंयस त्ये वाचलं. तितं पलटणीच्या इस्पितळात पाणी उकळून देत्यात आन् तवा तुला माझी आठवण झाली, बरं झालं. त्यावर आता आणिक नको. हितं मनू चुलीवर हंडा ठेवतीच.

तू इचारलंयस, पोर पाच वर्सांचं हुईल चैत्रात, तवर शपथ पाळायची का? शपथ मोडली म्हणून काय झालं तर? ऐक. मी काकांना म्हणलं, मालकीण मी हाय. कवा इकायचं त्ये मी ठरवणार. गेल्या पुनवंला मनूनं माझ्या वट्यात सूपभर कोंडा घातला आन् मी पोर तिच्या वट्यात. काका म्हणाले, “अजून मुदत हाय.” म्हणलं, “गिऱ्हाईक चांगलं आलं, इकून टाकलं.” सिद्धू हसून हसून खाली बसला.

कोंडू मला म्हणाला, “मनू आता तुज्याकडं कामाला न्हाई?” म्हणलं, न्हाई. “मग ती कुणाकडं?” म्हणलं, तुझ्याकडं. ती आई हाय तुझी. त्येनं तिच्याकडं बघितलं. म्हणाला, “मनू आई?” आन् मग, “बरं. आई, भाकर दे.” येवढंच. त्येला काय न्हाई त्याचं.

कोंडा मी म्हशीला घातला. कोंडा लय हलका असतो रं. ह्ये मला आधी कवा जाणवलं नव्हतं.

पोराची तब्बेत ठीक हाय. गोवर येऊन गेला, तवा मनू चार दिस परत गप झाली हुती. मी म्हणलं, “बोल. त्येला ऐकू यू दे.” ती रात न् दिस बोलत बसली. पोर बरं झालं. आता आळीतली पोरं त्येला खेळायला बोलीवत्यात. आधी ‘मुक्या’ म्हणून खडं मारायची. आता ह्येच त्यांना रांगंत उभं करतंय आन् ‘होऽऽ माग्गं’ करतंय, आन् ती सरत्यात मागं. कुणाला बैल करायचं आन् कुणाला मोट, ह्याच्यावरनं रोजची भांडणं. मी बसून ऐकते.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं. ‘आक्का, मी त्याच्याशी एक शब्दही कधी बोललो नाही. आता काय बोलू?’ ह्ये तू येवढ्या मोठ्या पलटणीतला हवालदार इचारतोयस.

काय बी बोल. नाव इचारू नगंस, तुला त्ये ठाऊक हाय आन् त्येला ठाऊक हाय की तुला ठाऊक हाय. म्हण म्हणू नगंस. खाऊ दाखवून बोलीवू नगंस. खाली बस, त्येच्या उंचीला ये. मिशीला भिईल, भिऊ दे. तुझ्या ट्रंकंचं कुलूप काढ आन् त्येच्या देखत म्हण, कुलूप काढतोय. मग थांब. लय थांबावं लागंल. तुला वाटंल त्यो बोलतच न्हाई, आता मीच बोलतो. तवा बोलू नगंस. मनूकडं बघ. ती थांबलेली असंल. तिला जमतंय त्ये.

आन् मनूला पोराच्या देखत नावानं हाक मार. त्येला कळू दे, तू कोण हायस त्ये.

ताकारी टेशनावर मनू आन् कोंडू येतील, सिद्धू छकडं घिऊन. काका बी येतो म्हणत्यात, मी त्यांना बसवून ठेवणार हाय. मी येणार न्हाई. मला तू ओळखतोस. पोरानं तोंड उघडायच्या आत मीच समदं सांगून मोकळी होणार, आन् तुझं बी उत्तर मीच देणार.

मी घरात बसते. सिद्धूला सांगितलंय, बैल पळवू नगंस. तुमी तिघं बोलत या.

तुझी आक्का
बयाबाई